वेब अ‍ॅप की मोबाइल अ‍ॅप? कोटेशनवर सही करण्याआधीचा हिशेब

देवगड-रत्नागिरीकडचा बागायतदार वाशीच्या मार्केटला पेट्या पाठवण्याऐवजी थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला आंबा विकायचं ठरवतो, तेव्हा पहिले दोन-तीन हंगाम व्हॉट्सअ‍ॅपवर निभावतात. मग ऑर्डरी वाढतात, पत्ते चुकतात, कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले याचा मेळ लागत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवतं, ‘आता एक अ‍ॅप करून घ्या.’ चौकशी केली की एकाचं कोटेशन चार लाखांचं येतं. दुसरा सांगतो, वेब अ‍ॅप करू, दीड लाखात होईल. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. तरीही निवड चुकली तर नुकसान बागायतदाराचंच होतं, आणि ते पहिल्या वर्षी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतं.

हाच प्रश्न डबेवाल्या काकूंना पडतो, खाजगी क्लासच्या सरांना पडतो, औषधांच्या किंवा किराण्याच्या वितरकालाही पडतो. उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं येतं. म्हणून आधी आंब्याचा हिशेब पूर्ण मांडतो, म्हणजे बाकीच्यांना आपला आकडा काढता येईल.

वेब अ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडतं. लिंक दाबली की सुरू. फोनवर काही उतरवून घ्यावं लागत नाही. मोबाइल अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपल स्टोअरवरून घ्यावं लागतं आणि फोनमध्ये राहतं. गिऱ्हाइकाला दिसतो तो फरक एवढाच. पण दोन्हींच्या मागे एक सर्व्हर, ऑर्डरींची नोंद, पैशांचा हिशेब आणि तुम्ही स्वतः वापरायचं पॅनेल लागतंच. खर्चाचा मोठा भाग या मागच्या कामात जातो. ‘नुसतं छोटंसं अ‍ॅप हवंय’ असं म्हणून कोटेशन कमी होत नाही ते यामुळे. आणि कमी झालंच, तर मागचं काम वगळलेलं तर नाही ना, हे आधी विचारा.

गिऱ्हाईक किती वेळा उघडेल?

माझ्या मते निवडीचा पहिला निकष हाच. तंत्रज्ञान, फॅशन, शेजाऱ्याने काय केलं, या गोष्टी नंतरच्या.

हापूसचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, फार तर तीनदा. मार्चअखेर चौकशी, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एक पेटी, मे महिन्यात भाव उतरले की आणखी एक. बाकीचे नऊ-दहा महिने त्याला तुमची आठवण येण्याचं कारण नाही. अशा माणसाने तीन डझन आंब्यांसाठी स्टोअरवर जायचं, अ‍ॅप उतरवायचं, ओटीपी टाकायचा, परवानग्या द्यायच्या, ही अपेक्षा जास्तच आहे. तो अर्ध्यावर सोडून देतो आणि ज्याची लिंक समोर आली त्याच्याकडून घेतो. जे उतरवून घेतात तेही जूनमध्ये फोनची जागा भरली की तुमचं अ‍ॅप काढून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा निकष म्हणजे गिऱ्हाईक कुठून येतं. आंब्याचं गिऱ्हाईक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येतं. कोणीतरी लिहितं, ‘आमच्याकडे यांची पेटी आली, छान होती’, आणि खाली लिंक टाकतं. लिंकवरून थेट ऑर्डरीपर्यंत जाता आलं पाहिजे. मध्ये स्टोअरचा उंबरठा आला की शिफारशीचं बळ तिथेच कमी होतं.

तीन वर्षांचा खर्च

पुण्या-मुंबईकडच्या लहान कंपन्यांचे आणि फ्रीलान्सर मंडळींचे दर कामाच्या दिवसांवर ठरतात. एका डेव्हलपरच्या एका दिवसाचे साधारण चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत धरतात. दर्जा, अनुभव आणि शहर यांनुसार आकडा खालीवर होतो. कोटेशन हातात आलं की ‘हे किती दिवसांचं काम धरलंय?’ असं विचारा. उत्तर सरळ आलं नाही तर आकडा अंदाजाने टाकलेला आहे असं समजा.

आता आपल्या बागायतदाराचं धरू. वेब अ‍ॅप दीड लाखाचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ हजार. डोमेनचे वर्षाला सुमारे हजार, होस्टिंगचे दहा हजार, आणि देखभालीचे मूळ किमतीच्या १५ टक्के, म्हणजे साडेबावीस हजार. हे वार्षिक खर्च तीन वर्षांचे जीएसटीसह १ लाख १८ हजारांवर जातात. एकूण जवळपास तीन लाख.

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं, एकाच कोडमधून केलेलं मोबाइल अ‍ॅप चार लाखांचं धरू. जीएसटीसह ते ४ लाख ७२ हजारांना पडतं. देखभाल इथे २० टक्क्यांनी धरावी लागते, कारण फोनच्या प्रणाली दर वर्षी बदलतात आणि अ‍ॅपला त्यांच्याबरोबर बदलावं लागतं. ते झाले वर्षाला ऐंशी हजार. होस्टिंग आणि डोमेन तेवढंच. त्यात गूगलच्या डेव्हलपर खात्याचे एकदाच २५ डॉलर आणि अ‍ॅपलच्या खात्याचे दर वर्षी ९९ डॉलर. तीन वर्षांची बेरीज सव्वाआठ लाखांच्या आसपास जाते.

फरक सव्वापाच लाखांचा. सगळा खर्च वजा जाता डझनामागे २०० रुपये सुटतात असं धरलं, तर एवढे पैसे भरून काढायला २,६०० डझनांहून जास्त आंबा विकावा लागेल. पाच डझनी पेटी धरली तर सव्वापाचशे पेट्या. तेही फक्त अ‍ॅपमुळे आलेल्या, एरवी न आलेल्या ऑर्डरी. वर्षाला तीन-चारशे पेट्या विकणाऱ्याला हे परवडत नाही.

इथे एक बारीक मुद्दा आहे, तो बहुतेक कोटेशनांत कोणी सांगत नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. त्यामुळे फक्त ताजा आंबा विकणाऱ्याला अ‍ॅपवर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. तो पूर्ण खर्चच. कपडे किंवा भांडी विकणारा नोंदणीकृत व्यापारी हा कर आपल्या भरायच्या करातून वजा करू शकतो. दोघांच्या हातात एकच कोटेशन असलं तरी दोघांची खरी किंमत वेगळी.

अँड्रॉइडपुरतं अ‍ॅप केलं तर खर्च थोडा उतरतो. भारतात दर शंभर स्मार्टफोनपैकी नव्वदहून अधिक अँड्रॉइड आहेत, हेही खरं. पण महागाची पेटी घरपोच मागवणाऱ्या शहरी घरांत आयफोनचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असतं. आपलं गिऱ्हाईक कोण, हे पाहूनच आयफोन वगळायचा की नाही ते ठरवा. वेब अ‍ॅपला हा प्रश्नच येत नाही.

मोठ्यांनी करून पाहिलेलं

‘मोठ्या कंपन्या अ‍ॅपवरच चालतात’ हे वाक्य विक्रीच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. त्यावर एक जुनं उदाहरण लक्षात ठेवा. मिंत्राने मे २०१५ मध्ये आपली वेबसाइट बंद केली आणि फक्त अ‍ॅपवर विक्री सुरू ठेवली. कंपनीकडे पैसा होता, जाहिरात होती, कपडे घेणारं गिऱ्हाईक वारंवार येणारं होतं. तरी जून २०१६ मध्ये डेस्कटॉपची वेबसाइट परत आणावी लागली. फ्लिपकार्टनेही २०१५ च्या सुरुवातीला मोबाइलवरची साइट बंद करून लोकांना अ‍ॅपकडे वळवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावाचं वेब अ‍ॅप आणलं. अ‍ॅप सक्तीचं केलं की काही गिऱ्हाइकं गळतात. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे पेललं नाही, ते गावाकडच्या उत्पादकाने अंगावर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जिथे मोबाइल अ‍ॅपच हवं

याचा अर्थ अ‍ॅप नकोच असा नाही. काही धंद्यांना वेब अ‍ॅप पुरत नाही, आणि तिथे पैसे वाचवण्याच्या नादात वेब अ‍ॅप केलं तर दोनदा खर्च होतो.

किराणा किंवा औषधांचा वितरक घ्या. त्याची सेल्सची माणसं तालुक्याच्या बाजारपेठेतून, घाटातल्या गावांतून फिरतात. दुकानदाराची ऑर्डर घ्यायची तेव्हा नेटवर्क असेलच असं नाही. शेकडो वस्तूंची यादी फोनमध्येच हवी, ऑर्डर तिथेच साठायला हवी, आणि रेंज आली की आपोआप वर जायला हवी. जोडीला ब्लूटूथ प्रिंटरवर बिल छापायचं असतं. वेब अ‍ॅपला ऑफलाइन काही प्रमाणात चालवता येतं, पण आयफोनच्या सफारीत वेबवरून ब्लूटूथ चालत नाही, आणि स्क्रीन बंद असताना ठिकाण टिपत राहणं वेब अ‍ॅपला कुठल्याच फोनवर जमत नाही. माल पोचवणाऱ्या मुलाची गाडी कुठे आहे हे नकाशावर दाखवायचं असेल तर त्याच्या फोनवर मोबाइल अ‍ॅपच लागतं.

पण इथेही खर्च कमी करायची वाट आहे. वापरणारी माणसं तुमचीच आहेत. त्यांचे फोन बहुधा अँड्रॉइड असतात, नसले तर तुम्ही घेऊन देऊ शकता. मग आयफोनचा खर्च पूर्ण वगळा. माणसं शंभराच्या आत असतील तर प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणीच्या सोयीतूनच त्यांना अ‍ॅप देता येतं. ते सगळ्या जगाला दिसण्याची गरज नाही. दुकानदाराला आपली उधारी आणि बिलं पाहायची असतील तर त्याला साधी वेब लिंक द्या.

दुधाचा रतीब, रोजचा डबा यांचं गणित मधलं आहे. गिऱ्हाईक रोज उघडतं, रात्री उद्याचं दूध वाढवतं, सुट्टीचे दिवस टाकतं. इथे फोनवर वाजणारी सूचना कामाची असते. अँड्रॉइडवर वेब अ‍ॅपलाही सूचना पाठवता येतात. आयफोनवर मात्र ही सोय मार्च २०२३ मध्ये आली, आणि तीही गिऱ्हाइकाने वेब अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. ते कसं ठेवायचं हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. शंभर घरांपर्यंत हे जमतं. हजार घरं झाली की मोबाइल अ‍ॅपचा विचार करा. तोवर त्याचा खर्चही इतक्या घरांत विभागला जाईल.

क्लासवाल्यांनी आधी हे वाचा

आंबा, डबा, साडी या हातात येणाऱ्या वस्तू. त्या अ‍ॅपमधून विकल्या तरी गूगल किंवा अ‍ॅपल कमिशन घेत नाहीत. पैसे तुमच्या नेहमीच्या पेमेंट गेटवेतून येतात. पण रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, टेस्ट सिरीज, ई-पुस्तकं असा डिजिटल माल अ‍ॅपच्या आत विकला की स्टोअरचं कमिशन लागू होतं, साधारण १५ ते ३० टक्के. तीन हजारांच्या कोर्सवर १५ टक्क्यांनी ४५० रुपये, ३० टक्क्यांनी ९०० रुपये. हाच कोर्स वेबसाइटवर विकला तर गेटवेचे सुमारे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे सत्तर-एकाहत्तर रुपये. पाचशे विद्यार्थ्यांमागे हा फरक दोन-चार लाखांवर जातो.

याच बिलिंगच्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला होता. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ ला, फी न भरल्याच्या कारणावरून नोकरी, भारत मॅट्रिमोनी यांसारखी नावाजलेली भारतीय अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काही काळ उतरवली गेली होती. मोठ्या कंपन्यांना सरकारचं दार ठोठावता आलं. गावातल्या क्लासचं अ‍ॅप उतरलं तर परीक्षेच्या तोंडावर दाद कोणाकडे मागणार? म्हणून नोंदणी आणि फी वेबवर ठेवा. विद्यार्थ्यांना व्हिडिओ उतरवून ऑफलाइन पाहायचे असतील, आणि खेड्यापाड्यातल्या मुलांना ते हवंच असतं, तर त्यासाठी अ‍ॅप करा. मात्र अ‍ॅपमधून बाहेरच्या पेमेंटकडे बोट दाखवण्यावर स्टोअरच्या अटी आहेत. डेव्हलपरकडून त्या त्या वेळचे नियम लेखी समजून घ्या.

मधला मार्ग

‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ हा प्रकार २०१५ पासून चर्चेत आहे. वेब अ‍ॅपच, पण होम स्क्रीनवर चिन्ह ठेवता येतं, काही भाग नेटशिवाय चालतो, सूचना जातात. साध्या वेब अ‍ॅपवर थोडे दिवस जास्त काम केलं की हे होतं. कोटेशनमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर कारण विचारा. पुढे प्ले स्टोअरवर नाव हवंसं वाटलं तर हेच वेब अ‍ॅप वेष्टन घालून तिथे ठेवता येतं. अ‍ॅपल मात्र नुसती वेबसाइट गुंडाळून दिलेली अ‍ॅप्स नाकारतं. ‘आम्ही साइटचंच आयफोन अ‍ॅप करून देतो, पन्नास हजारांत’ असं कोणी म्हणालं तर मंजुरी मिळाल्यावरच पैसे, अशी अट घाला.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च आणि तारखा

प्ले स्टोअरवर वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीसाठी वापरावं लागतं. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो, वेळ मात्र जातो. मार्चमध्ये हंगाम सुरू व्हायचा असेल आणि फेब्रुवारीत अ‍ॅप तयार झालं, तर हंगामाचा पहिला, चांगल्या भावाचा माल अ‍ॅपविनाच जाईल.

प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप दर वर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीला जुळवून घ्यावं लागतं. त्याची मुदत साधारण ३१ ऑगस्टला असते. ती चुकली तर अ‍ॅपमध्ये नवीन बदल पाठवता येत नाहीत, आणि फार जुनं झालेलं अ‍ॅप नव्या फोनवाल्यांना स्टोअरवर दिसेनासं होतं. देखभालीच्या करारात हे काम आहे की वेगळे पैसे, ते आधीच लिहून घ्या.

एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर मोबाइल कंपनीकडे डीएलटी नोंदणी लागते. तिचे पाच-सहा हजार रुपये आणि नंतर प्रत्येक संदेशाचे काही पैसे. हंगामी विक्रीला लॉगिन लागतंच असं नाही. नाव, पत्ता, फोन आणि पैसे एवढ्यावर ऑर्डर घेता येते. लॉगिन काढून टाकलं की खर्चही वाचतो आणि गिऱ्हाईकही अडखळत नाही.

पैशांचं म्हणाल तर यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून बँकेचं व्यापारी शुल्क शून्य आहे, पण पेमेंट गेटवे आपल्या सेवेचे पैसे घेतात. क्यूआर कोड लावून ते वाचवता येतात. मग कोणत्या ऑर्डरीचे पैसे आले हे हाताने जुळवावं लागतं. दिवसाला वीस ऑर्डरी असतील तर हाताने जुळवा. शंभर झाल्या की गेटवे घ्या. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र मात्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं. साध्या वेब अ‍ॅपसाठी त्याचे वेगळे हजारो रुपये लावले असतील तर ती ओळ काढायला सांगा.

आणि एक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं अ‍ॅप मोफत आहे, त्यात मालाची यादी भाव आणि फोटोंसह लावता येते. वर्षाला शंभर-दीडशे पेट्यांचाच पसारा असेल तर त्यावर आणखी एक हंगाम काढा. वेब अ‍ॅपचेही दीड लाख तूर्तास बागेत घाला.

मालकी कोणाची?

डोमेन, होस्टिंग, प्ले स्टोअर आणि अ‍ॅपलचं खातं ही चारही तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर काढा आणि डेव्हलपरला त्यात काम करण्यापुरता प्रवेश द्या. खातं डेव्हलपरच्या नावाने असेल तर भांडण झाल्यावर तुमचं गिऱ्हाईक, तुमचं नाव आणि जुन्या ऑर्डरींच्या नोंदी त्याच्या हातात राहतात.

सोर्स कोडचं तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. आपण पैसे दिले म्हणजे कोड आपला, असं कॉपीराइट कायदा, १९५७ म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरने किंवा कंपनीने लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचाच राहतो, जोवर तो सही करून लेखी तुमच्या नावे करून देत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. दुबईला पेट्या पाठवायचा विचार असेल त्याने हे नीट लक्षात घ्यावं. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व देशांसाठी’ हे दोन्ही शब्द लिहून घ्या, आणि सही केलेला तो कागद, पूर्ण सोर्स कोड व चारही खात्यांचा ताबा हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.